कोरडी फरशी

मावशींची हकीकत मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण चौकशीचा कागद मीच लिहिला होता.

मी दवाखान्यात कारकून होतो. मावशी तिथे सव्वीस वर्षं फरशी पुसत होत्या. ओल्या फरशीवर कोणी पाय ठेवला की म्हणायच्या, "उडता येत नसेल तर थांबावं माणसानं!" मोठे डॉक्टरही भिंतीच्या कडेकडेनं जायचे.

एक दिवस एक्स-रेच्या खोलीसमोर त्यांचाच पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. तिथला थंड पाण्याचा कूलर महिनाभर गळत होता. चार महिन्यांनी त्या काठी टेकत चौकशीला आल्या. दवाखान्याची चूक ठरली तर केसपेपरच्या खिडकीत बसून काम मिळणार होतं, नाहीतर कायमचं घरी बसावं लागणार होतं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला.

खोलीबाहेरच्या बाकावर मी हळूच म्हटलं, "मावशी, कूलरचं तेवढं सांगा."

"सांगते की, भाऊ."

आत चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "तिथली फरशी कोणी पुसली होती?"

"मीच."

"नीट पुसली होती?"

मावशी ताठ झाल्या. "म्हणजे काय! सव्वीस वर्षांत कोणाची बोट ठेवायची टाप झाली नाही. खडखडीत कोरडी होती."

"म्हणजे पाणी नव्हतं?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी असताना पाणी राहील कसं?"

"लिहा, फरशी कोरडी होती," साहेब म्हणाले.

कूलर गळतो हे मला ठाऊक होतं. मला कोणी विचारलं नाही, मी बोललो नाही. लिहिलं.

निकालाचा कागद घेऊन मीच त्यांच्या खोलीवर गेलो. वाचून दाखवला. फरशी कोरडी असताना स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडल्या, सबब काम देता येत नाही.

"म्हणजे खिडकी नाही?"

"नाही, मावशी."

त्या अगदी हळू म्हणाल्या, "आता जाऊन सांगू का, ओली होती म्हणून? मला नीट पुसता आली नाही, असं सांगते."

"आता कोण ऐकणार, मावशी? तुमचा अंगठा आहे त्या जबाबावर."

पलंगावरून नवऱ्यानं पाणी मागितलं. मावशींनी काठी जवळ ओढली. दोनदा उठायचा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा जमलं.