सगळ्यांना माहीत असलेली बाटली

आमच्या धातुपरीक्षण प्रयोगशाळेत थंड पेयाच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड आणि स्पिरिटचं मिश्रण ठेवतात. दिसायला पाण्यासारखंच. आरशासारख्या घासलेल्या पोलादावर ते टाकलं की चकाकी उतरते आणि आतले कण उघडे पडतात.

"निदान चिठ्ठी तरी लावा," म्हटलं, तर प्रयोगशाळेचे प्रमुख देशमुख सर माझ्यावरच खेकसले, "सगळ्यांना माहीत आहे!"

या 'सगळ्यांना'ची मला चीड येते. माणसांची चकाकी अशा एका शब्दानेही उतरते. मी तेव्हा गप्प बसले, म्हणजे माझीही उतरलीच.

आज फरशी पुसणाऱ्या कमलबाई त्या बाटलीकडे बघून म्हणाल्या, "ताई, रिकामी झाली की मला द्या हं. नातीला शाळेत पाणी न्यायला होईल."