तीन फेऱ्यांचा सांधा

माझ्या आत्याबद्दल बंदरात कुणालाही विचारा. "तीच ना, जिचा सांधा सुटला आणि सख्ख्या भावाची बोट दगडांवर गेली?" असंच म्हणतील. तेहतीस वर्षं तिने दोर साखळीला जोडले. त्यातला एक सुटला आणि लोकांच्या लक्षात तेवढाच राहिला. लोकांच्या जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही उगाच नाही.

सव्विसाव्या वर्षी तिचा नवरा गेला. बोटदुरुस्तीच्या शेडमध्ये झाडू मारायला म्हणून ती लागली. तिथे दोरकाम करणारा एक म्हातारा होता. त्याच्याकडे बघत बघत ती शिकली, आणि तो थकल्यावर त्याच्या जागेवर बसली. कामाबरोबर शेडच्या मागची खोली मिळाली. एक खाट, एक स्टोव्ह आणि बोटी ओढण्याच्या उताराकडे उघडणारी खिडकी. एवढ्यावर ती खूश होती. "माझ्या दाराची कडी मी आतून लावते, याहून काय हवं?" म्हणायची.

काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नांगराला आधी लोखंडी साखळी असते आणि साखळीला पुढे नायलॉनचा जाड दोर. साखळी जड, ती तळाला पडून राहते. दोर ताणला जातो, तो लाटेचे झटके सोसतो. या दोघांना नुसती गाठ मारून भागत नाही. दोराचे तीन पेड हातभर उसवायचे, टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करायची. दोन पेड साखळीच्या शेवटच्या कडीतून एका बाजूने घालायचे, तिसरा उलट्या बाजूने. मग तिन्ही परत दोराच्याच अंगात विणत न्यायचे, एकावरून, दुसऱ्याखालून. तिघांची पाळी झाली की एक फेरा. नायलॉन निसरडं असतं, म्हणून आत्या पाच फेरे घालायची. कुणी घाईत असलं आणि म्हणालं, "आत्या, चारात भागव की," तर म्हणायची, "भागवते की. पोहता येतं ना तुला?"

अख्खं बंदर तिला आत्या म्हणायचं. खरी भाची मी एकटीच. तिशीत सासर सोडून परत आले तेव्हा बाबांनी दारातच ऐकवलं, "राहा, पण माझ्या छपराखाली माझ्यापुढे तोंड उघडायचं नाही." आत्याने मला शेडमध्ये कामाला लावून घेतलं. तिने विणायचं, मी समोर बसून साखळी घट्ट धरायची.

बाबांची एक बोट होती. गळ टाकायची हौस असलेल्या लोकांना फिरवून आणायचे, आणि स्वतःला कप्तान म्हणवून घ्यायचे. त्यांनी नांगर ओढायचं विजेचं यंत्र बसवलं. त्याच्या चाकात आधी दोर, मग सांधा, मग साखळी असं सगळं सरकत आलं पाहिजे. सांधा अडकायला लागला. अडकणारच! चाक साखळीच्या मापाचं नव्हतंच मुळी. स्वस्तात मिळालं म्हणून उचलून आणलेलं. पण नाचता येईना अंगण वाकडं! एका सकाळी दोर आणि साखळी घेऊन बाबा शेडमध्ये आले आणि आमच्यासमोर आपटलं.

"ताई, तुझा हा सांधा चाकात अडकतो. पाहुण्यांसमोर हसं होतं माझं. कापून नवा कर, बारीक कर."

"बारीक म्हणजे?"

"तीन फेरे बास."

"तीनावर नायलॉन सरकतं रे. चाक बदल."

"चाक बदल म्हणे! तेहतीस वर्षं दोऱ्या वळल्यास म्हणून मला बोट शिकवू नकोस. सख्खा भाऊ एक गोष्ट मागतोय. एरवी काही केलंयस का माझ्यासाठी?"

तिने त्यांच्यासाठी काय केलं नव्हतं? आई गेल्यावर त्यांना वाढवलं तिनेच. पण असं वाक्य बरोबर वर्मावर मारायला बाबांना यायचं. आत्याने सुरी उचलली. मग जुना सांधा कापला, पेड उसवले आणि विणायला घेतलं. मी साखळी धरून होते. तिसऱ्या फेऱ्यानंतर तिचे हात थांबले. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "काप." तिने उरलेली टोकं कापली.

नऊ दिवसांनी भर दुपारी वारा सुटला. बोट बंदराबाहेर नांगरावर होती आणि कप्तान धक्क्यावर पत्ते कुटत होते. बोट वाहत गेली आणि बांधाच्या दगडांवर आपटून फुटली. जीव कुणाचा गेला नाही. नांगर आणि साखळी तळाशीच राहिली. बोटीबरोबर फक्त दोराचं टोक आलं. ते तुटलेलं नव्हतं. तिन्ही पेड शाबूत, विणीतून सरकून बाहेर आलेले. त्यांच्यावर वळणांच्या खुणा होत्या. कुणालाही मोजता आल्या असत्या.

शेडच्या मालकाने आम्हा तिघांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण शेडच्या नावाला बट्टा लागला म्हणून तापला होता. "तीन फेरे? आत्या, तुम्ही?"

"याने सांगितलं म्हणून केले," आत्या म्हणाली. "पण हात माझे होते. मी करायला नको होते."

"मी?" बाबा म्हणाले. "मला काय कळतंय दोरातलं! डोळे गेलेत हिचे, मोजताना चुकली. आणि आता माझ्यावर ढकलतेय."

मालक माझ्याकडे वळला. "तू साखळी धरतेस ना? तुझ्यासमोर झालं हे?"

आत्या माझ्याकडे बघत होती. बाबाही. "हो" एवढं एक अक्षर म्हणायचं होतं. पण संध्याकाळी मला परत जायचं होतं ते त्याच छपराखाली.

"मी दोऱ्याचं रीळ आणायला आत गेले होते," मी म्हणाले. "मी काही ऐकलं नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आत्याचं काम गेलं. कामाबरोबर खोली गेली. आणि गंमत बघा, राहायला ती आली ती बाबांच्याच घरी. स्वयंपाकघरात फळीखाली तिची वळकटी असते. कुणी आलं की बाबा सांगतात, "बोट घालवली हिने माझी. पण बहीण आहे, टाकून कशी द्यायची?" बोट गेल्यावर बाबांनी काहीच केलं नाही, घरात बसून असतात. चूल चालते माझ्या पगारावर. कारण आत्याची जागा मालकाने कुणाला दिली? मला. लाज वाटते सांगायला, पण घेतली मी.

विणणं मला धड येत नव्हतं. आत्यानेच शिकवलं, त्याच स्वयंपाकघरात, कामावर जायच्या आधी सकाळी. दोन वर्षं झाली. एकदाही ती त्या दिवसाबद्दल बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा मी सांधा तिच्या हातात दिला. दोन महिन्यांपासून तिची बोटं आखडलीत, मूठ वळत नाही. अंगठ्याने चाचपत तिने फेरे मोजले, पाच भरले. "चांगला झालाय," म्हणाली. "बंदरात आता एवढा चांगला कुणी करत नाही."

मला ते ऐकवेना. हुंदकाच फुटला. "आत्या, मी तिथेच होते. सगळं ऐकलं मी. आज जाते आणि मालकाला सगळं सांगते. बाबांनी घराबाहेर काढलं तरी चालेल."

ती हसलीसुद्धा नाही. "जा की. सांग. तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल," ती म्हणाली. आणि आखडलेले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "आणि मला काय मिळेल, तेवढं सांगून जा."

मी डोळे पुसले, डबा भरला आणि निघाले. मालक शेडच्या दारातच उभा होता.

"आज लवकर?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले आणि आत कामाला गेले.