कुमुदकाकूंचा ताजा दगड

कुमुदकाकू एकदा ‘नाही’ म्हणाल्या, की एडिनबराच्या किल्ल्यावरची दुपारची तोफसुद्धा त्यांची परवानगी घेऊनच उडायची. ऐकीव सांगत नाही. मी त्यांचा वर्गमित्र. मी विशीतला, काकू पन्नाशीच्या, यजमान इथल्या इस्पितळात डॉक्टर. लग्नापायी अर्धवट राहिलेली गणिताची पदवी पुरी करायला काकू थेट युनिव्हर्सिटीत घुसल्या होत्या.

घुसल्यावर कळलं, की ऑनर्सला जायचं तर गणितासोबत एखादा बाहेरचा विषयही पास व्हावा लागतो. नापास झालात, की गणिताचं दार बंद. आमचा ट्यूटर गोड हसून म्हणाला, “मिसेस देशमुख, संस्कृत घ्या ना. तुम्हाला सोपं जाईल.”

“सोपंच करायचं तर घरी काय वाईट होते?” असं खणखणीत इंग्रजीत सुनावून काकूंनी भूगर्भशास्त्र घेतलं. जिन्यात मला म्हणाल्या, “मला काय झेपतं ते हा ठरवणार का रे? मेला!”

मग काय! साडीखाली गमबूट, वर डॉक्टरांचा रेनकोट, अशा थाटात काकू खडक बघत किनारे तुडवू लागल्या. त्या वाऱ्यात मेंढ्या उडून नॉर्वेत उतरत, पण काकूंचा पदर तसूभर हलला नाही.

घोडं अडलं ते चवीवर. दगडाचा कण दाताखाली घेऊन बघायची या शास्त्रात रीतच आहे. करकरला तर रेवट, नाहीतर चिकणमातीचा. वर्गात एकच दगड हातोहात फिरायचा आणि पोरं तो आइस्क्रीमसारखी चाटायची. काकूंनी तो चिमटीत धरून माझ्याकडे सरकवला. “अख्ख्या स्कॉटलंडचं उष्टं मी तोंडात घालू? शी!”

प्रॅक्टिकलच्या परीक्षेलाही तेच. लेखी पेपरात काकू काठावर, म्हणजे सगळी मदार या दगडावर.

“फ्रेश पीस, प्लीज,” काकू म्हणाल्या.

“सगळ्यांना एकच दगड,” परीक्षक म्हणाले. “नको असेल तर उत्तर कोरं सोडा.”

“कोरं? मी?” काकूंनी टेबलावरचा हातोडा उचलला आणि असा हाणला, की पृथ्वीच्या पोटातला लाव्हा हिंदकळला असणार. दगडाची दोन शकलं! आतल्या बाजूचा कण काढून त्यांनी शांतपणे चावला. “रेवट. लिहून घ्या.”

परीक्षकांनी आधी चष्मा पुसला, मग मुकाट बरोबरची खूण केली. मागच्या रांगेतून आवाज सुरू झाले, “फ्रेश पीस, प्लीज!”

काकू पास झाल्या आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरांना पार दक्षिण टोकाच्या साउथहॅम्प्टनची नोकरी मिळाली. आजवर त्यांची नोकरी बदलली, की काकू निमूट भांडी बांधत. या वेळी त्यांनी एकच बॅग बांधली, डॉक्टरांची.

स्टेशनवर डॉक्टर गाडीच्या दारात उभे. “अगं, पुन्हा विचार कर.”

“अहो, ऑनर्सला प्रवेश मिळालाय मला. तुम्ही व्हा पुढे.”

“आणि माझ्या जेवणाचं?”

“कुकरच्या तीन शिट्ट्या, मग गॅस बंद.”

दार लागलं. काचेआडून डॉक्टर आणखी काहीतरी विचारत होते, बहुधा फोडणीचं. काकू मला म्हणाल्या, “चल रे, लेक्चर सुरू होईल.”