चैत्रगौरीपुढची माझी फुलं

मैत्रिणींनो, आज मी सूड उगवला आणि मला काडीचाही पस्तावा नाही.

इथे आखातात, हूरा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर माझी अरफजची कुंडी आहे. अरफज म्हणजे इथल्या वाळवंटातलं, शेवंतीच्या कुळातलं झुडूप. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या नुसत्या काटक्या उरल्या, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या शोभावहिनी हसल्या होत्या, "खलास गं ते! फेकून दे." मी पाणी घालत राहिले. यंदा ते पिवळ्या फुलांनी भरलं आणि रोज सकाळी कुंडी ओकीबोकी! विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "मी कशाला घेऊ तुझं रानगवत?"

आज त्यांच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. गौरीभोवती माझ्याच अरफजची आरास! वर सगळ्यांना सांगत होत्या, "शेवंती मुद्दाम पुण्याहून मागवली."

मी शांतपणे पन्हं संपवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, अगदी माझ्या अरफजसारखी दिसतेय हो. बरं झालं, तुमची पुण्याची आहे. माझं तर एकेक फूल मी रोज संध्याकाळी नाक लावून हुंगते."

हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे तिथे कुणाला समजवावं लागलं नाही. वहिनींचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. फुलं काढावीत तर चोरी कबूल, ठेवावीत तर गौरीचा कोप!

खरं सांगू? मी एकही फूल कधी हुंगलेलं नाही. पण गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत बसणार आहे, आणि वहिनी या ग्रुपवर नाहीत.

तुम्ही त्यांना खरं सांगितलं असतं का?