ट्रॅक्टरचं दावं

जगात निर्जीव असे काही नसतेच, ही गोष्ट माझ्या सासऱ्यांइतकी ठामपणे एखाद्या सिद्धपुरुषालाही उमगली नसेल. एसटीने वरंधचा घाट चढताना ते बाकावर पुढे झुकून बसत, म्हणजे गाडीला जरा हलके जाते, आणि शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणत, "वाका की पाव्हणं, चढ हाय! रेलून काय बसलात तिच्यावर?" माथ्यावर गाडी थांबली की सगळे चहाकडे धावत. हे आधी बॉनेटवर थोपटून "शाबास गो" म्हणत आणि मगच चहाला येत. माझा टाक एकदा कागदावर शाई ओकू लागला, तेव्हा ते कळवळून म्हणाले, "जावयबापू, सोडा आता त्याला. तोंडाला फेस आलाय."

अशा माणसाने एका उन्हाळ्यात घाटावरच्या नातेवाइकाकडे गव्हाच्या रानात ट्रॅक्टर चालताना पाहिला. परत आले ते छत्री तिकडेच विसरून, टोपीत गव्हाची लोंबी खोचून. शिवथरच्या खोऱ्यात त्यांची खाली भातखाचरे आणि वर एक उजाड माळ होता. त्या माळावर आता गहू पिकणार आणि तो ट्रॅक्टरने नांगरला जाणार, असे त्यांनी अख्ख्या गावापुढे जाहीर केले. त्याच भरात गुरांच्या व्यापाऱ्याला शब्द दिला, की दिवाळीच्या पाडव्याला येऊन मोऱ्या आणि हौश्या ही बैलजोडी घेऊन जा.

मोऱ्याला सासूबाईंनी पेज पाजून वाढवला होता. त्यांनी नवऱ्याशी बोलणे टाकले. दोघे हातभर अंतरावर बसत आणि मी मध्ये तारायंत्र होऊन बसे. "जावयबापू, यांना विचारा, ट्रॅक्टर शेण देतो काय? मी भुई सारवू कशानं?"

"त्यांना सांगा, धूर देतो."

दसरा झाल्यावर घाटावरून भाड्याचा ट्रॅक्टर आला आणि त्याच्याबरोबर एक ड्रायव्हरही आला. बिचाऱ्याला आपण कुठे आलो याची कल्पना नव्हती. सोमवारी बैल जुंपत नाहीत, म्हणून सोमवारी ट्रॅक्टर बंद. दुपारी औत सोडतात, म्हणून दुपारी ट्रॅक्टर आंब्याच्या सावलीत. रेडिएटरमध्ये पाणी ओतताना सासरे शेजारी उकिडवे बसून कौतुकाने बघत: "कसा घटाघटा प्यायला बघा!" संध्याकाळी त्याला गोठ्याशी आणून चाकाला दावे बांधत.

"मालक, दावं कशाला?" ड्रायव्हरने विचारले.

"पळाला म्हंजे? नवी जागा हाय त्याला."

"अशानं माळ पुढल्या दसऱ्याला बी नांगरून व्हायचा न्हाय," ड्रायव्हर मला म्हणाला.

पाडवा उजाडला. त्या दिवशी आमच्या सासुरवाडीला गुरांच्या अंगावर गेरूचे पंजे उठवतात, गळ्यात झेंडूच्या माळा घालतात आणि पेटत्या पेंढ्यावरून त्यांना उडवतात. घराचा नेमच होता, की जे जनावर आग ओलांडत नाही ते दावणीला राहत नाही. व्यापारी कासरा घेऊन उभाच होता. हौश्या उडाला, मोऱ्या उडाला. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. मग सासरे गेरूने माखलेले हात बॉनेटवर उमटवून म्हणाले, "आता ह्याची पाळी."

ड्रायव्हर पांढराफटक पडला. "मालक, पोटात डिझेल हाय त्याच्या!"

"मग मोऱ्याच्या पोटात काय गंगाजल हाय?"

गाव खदखदून हसले. ड्रायव्हरच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने इंजिन सुरू केले आणि ट्रॅक्टर धडधडत आगीकडे निघाला. एवढ्यात सासरे धोतराचा सोगा सावरत धावले, आडवे झाले आणि बॉनेटला दोन्ही हातांनी मिठी मारून ओरडले, "नको रे नको! भ्यालाय तो! बघ कसा थरथरतोय!"

"अवो, बाजूला व्हा आधी!" इतक्या दिवसांनी सासूबाई थेट त्यांच्याशी बोलल्या. ट्रॅक्टर थांबला, तशा कमरेवर हात ठेवून त्यांनी निकाल दिला: "आग वलांडली नाय. नेम तो नेम."

सासऱ्यांनी व्यापाऱ्याकडे वळून हताशपणे हात पसरले. इतका आनंदाने फुललेला हताश चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. "ऐकलंस ना? घरातली बोलली. मी काय करणार?"

व्यापारी रिकामा कासरा गुंडाळत गेला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर झेंडूची माळ घालून घाट चढला. सासरे रस्त्यापर्यंत पोचवायला गेले आणि डोळे पुसत परतले. उरलेला माळ मोऱ्या-हौश्यांनीच नांगरला. गहू पिकला तो देवाच्या नैवेद्यापुरता.

दोन्ही बैल पुढे म्हातारे होऊन त्याच गोठ्यात गेले. गेल्या वर्षी मेहुण्याने एक जुना ट्रॅक्टर विकत आणला आणि मोऱ्याच्या जागी उभा केला. सासरे रोज संध्याकाळी काठी टेकत जाऊन त्याला दावे बांधत. मेहुणा रोज सकाळी चरफडत ते सोडी. "बाबा, यंत्राला कोण बांधतं काय? लोक हसतात."

परवा सासऱ्यांचे तेरावे झाले. दिवेलागणीला घरातली माणसे पांगली, तेव्हा मी गोठ्याकडे गेलो. ट्रॅक्टरच्या चाकाला दावे होते. गाठ ढिली आणि उलटी पडली होती. बांधणाऱ्याला सवय नसावी. मागे पाऊल वाजले म्हणून वळलो. मेहुणा उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. वाकून गाठ पुन्हा आवळली आणि पुटपुटला,

"पळाला म्हंजे?"