तीन पळ्या तीर्थ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि मी तर कोंबडीने अंडं घातलं तरी वाडाभर सांगणारी बाई. तुम्हाला का सांगते आहे? कारण शोधत बसले तर पुन्हा राहून जाईल.

माझ्या सासऱ्यांना, बाबांना, अर्धांगवायू झाला आणि त्यांचं गिळणं बिघडलं. पातळ काही दिलं की ते श्वासनलिकेत जायचं. डॉक्टरांनी बजावलं, पाणी, चहा, पेज — सगळ्यात दाटपणा आणणारी पावडर घालायची, थेंबसुद्धा तसाच द्यायचा नाही. मला आपली शंका — त्यात जनावराचं काही नाही ना? डिचोलीच्या फार्मसीवाल्याने हसून सांगितलं, लाकडाच्या नाहीतर कापसाच्या तंतूंपासून करतात ती. आइस्क्रीमात असते, टूथपेस्टमध्ये असते, डोळ्यांत घालायच्या थेंबांत असते, भिंतीच्या रंगातसुद्धा. म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

नणंद शालनताई दर सोमवारी पेडण्याहून बसने मयेला आमच्याकडे यायची. त्या दिवशी वडिलांना भरवायचं ते तिनेच. पावडर ढवळताना थट्टा करायची, "चायची खळ झाली गो, आता बाबांक इस्त्री करूया." बाबा वाकड्या तोंडाने हसायचे.

त्या सोमवारी ती चहा पाजून परसात गेली आणि मी देवळातून तीर्थ घेऊन आले. बाबांनी उजवा हात पुढे केला. किती दिवसांनी! आता देवाच्या पाण्यात पावडर कालवायची? भिंतीच्या रंगात असते ती? मला ते बरं वाटेना. डबा हाताशी होता — अगदी हाताशी. मी तीन पळ्या तीर्थ तसंच दिलं. तिसऱ्या पळीला जोराचा ठसका लागला.

दोन दिवसांनी ताप, मग न्यूमोनिया, मग इस्पितळ. डॉक्टरांनी विचारलं, पातळ काय दिलं होतं? सगळ्यांनी शालनताईकडे पाहिलं. चहा तिने पाजला होता, थट्टाही तीच करायची. ती रडत म्हणाली, "माझ्याच हातून झाला. नीट ढवळूक नाय मी." आणि मी? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नुसती गप्प राहिले असते तर एक वेळ — पण नाही, मी तिची समजूत घातली.

बाबा वाचले. आता भिंत धरून बाहेरच्या सोप्यापर्यंत येतात, दोन-चार शब्द बोलतात. तीर्थातही मी पावडर घालते आणि ते आनंदाने घेतात. शालनताई मात्र दोन वर्षं त्यांच्या उशाशी नुसती बसते. चमच्याला हात लावत नाही. "तूच भरव गो," म्हणते. बाबा तिच्या हाताकडे बघत राहतात. मला ते बघवत नाही.

आज सोमवार. ती अकराच्या बसने येईल. सोप्यावरच सांगणार आहे तिला, बाबांच्या समोर, पिशवी खाली ठेवायच्या आधी. नंतर ती माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही.

पेज वाढून ठेवली आहे. पावडर अजून घातलेली नाही. ती तिने ढवळायची आहे.