एपिसोडचा सारांश, फक्त दोन ओळींत

इंटरनेटवरच्या एका मोफत ज्ञानकोशात बिनपगारी लेख लिहिणारी जी थोर मंडळी आहेत, त्यांत मीही मोडते. दिवसभर ऑफिसात टायपिंग करून हौस फिटत नाही, म्हणून मिठबावला घरी येऊन पुन्हा टायपिंग. माझ्या वाट्याला एक मालिका. रोजच्या एपिसोडचा सारांश लिहायचा. कुणी नेमलं नव्हतं, आईसाठी मी आपणहून गळ्यात बांधून घेतलं होतं.

आईला ऐकू येईनासं झालंय. मशीन आणलं, ते कानात कुईं करतं म्हणून सुपारीच्या डब्यात जाऊन बसलं. मालिका मात्र ती चुकवत नाही, नुसती तोंडं बघते. दुसऱ्या दिवशी मागीलदारी शेजारच्या बायका सुकट निवडायला बसल्या की मालिकेचीच चर्चा. एकदा सगळ्या डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या आणि आई हसली. त्या दिवसापासून ती तिकडे जाईनाशी झाली. मला ते बघवेना. कागदावर लिहून दिलं, तर म्हणाली, "मी काय आजारी आसंय?" फोनवरचं चाललं, कारण फोन काय, सगळेच वाचतात. म्हणून हा खटाटोप. कोण कुणाला काय बोललं ते सगळं मी लिहायची, ती सकाळी चहाबरोबर वाचायची आणि दुपारी ऐटीत बायकांत जाऊन बसायची.

मग एक गृहस्थ उगवले. तेही आमच्यासारखेच बिनपगारी, खोट्या नावाने लिहिणारे. मी त्यांना कात्री म्हणते. तिथे कुणीही कुणाचं लिहिलेलं बदलू शकतो. एका सकाळी माझा पानभर मजकूर गायब आणि त्या जागी, 'सासू-सुनेत वाद होतो. मुलगा घर सोडतो.' झालं! संपली मालिका!

आईने वाचलं आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "वाद झालो ता माका दिसला. माका डोळे आसत. कित्याक झालो, ता खंय आसा?"

मी मजकूर परत घातला. त्यांनी परत उडवला. मग चर्चापानावर महाभारत. सारांश थोडक्यात का असावा, हे कात्रीसाहेबांनी इतकं सविस्तर समजावलं की तेवढ्यात एपिसोड दोनदा बघून झाला असता. देवापुढच्या गाऱ्हाण्यात बाकीचे 'होय म्हाराजा' करतात, तसे आणखी दोघे 'सहमत, सहमत' करत आले. शेवटी मी खरं ते लिहिलं, माझ्या आईला ऐकू येत नाही. उत्तर आलं, 'आपल्या मातोश्रींविषयी आदर आहे, परंतु ज्ञानकोश व्यक्तिगत सोयीसाठी नाही.' मातोश्री म्हणे! माझ्या मस्तकात तिडीक गेली. तो माणूस समोर असता तर त्याला सुकटीच्या टोपलीत बसवला असता.

शेवटी तडजोड झाली. आम्हाला पाच वाक्यं मंजूर झाली, वतन मिळाल्यासारखी. मग मी डोळ्यांना दिसतं ते सगळं काढून टाकलं. रडणं, विजा चमकणं, हातातून पडणारं ताट, सगळं गेलं. ठेवलं फक्त बोललेलं. दागिने सुनेनेच विकले असं सासू का म्हणाली, मुलाने कुणावर विश्वास ठेवला, एवढंच. पाच वाक्यांत मावलं आणि आईलाही पुरलं. कात्रीसाहेबांनी शेरा मारला, 'आता जमू लागलं हं तुम्हाला.' मी दात-ओठ खाऊन आभार मानले.

पुढच्या रविवारी कुडाळहून भाऊ आला. जेवताना त्याने विषय काढला, आईला कुडाळला त्याच्या फ्लॅटवर नेतो, हे घर बंद करू. मी म्हटलं, तिथे ती कुणाजवळ बसेल, भिंतींजवळ? शब्दाला शब्द वाढला. तुला घर हवंय म्हणून तिला धरून ठेवलीस, इथपर्यंत तो गेला. तू तिला वर्षातून किती वेळा बघतोस, इथपर्यंत मी. हे सगळं तिच्याविषयी आणि तिच्यासमोर. ती बांगड्याचे काटे काढत होती. ऐकू येत नाही म्हटल्यावर आवाज कशाला आवरायचा? भाऊ अर्ध्या ताटावरून उठून निघून गेला.

संध्याकाळी आईने फोन माझ्यापुढे ठेवला. मालिका लागायला अवकाश होता.

"तुमी दोघां कित्याक भांडलास? ह्यात लिव."

आता बघा गंमत. जिने 'का' या एका प्रश्नासाठी अख्ख्या चर्चापानाशी उभा दावा मांडला, ती मी फोन हातात घेऊन बसले. घर बंद करायचं, तिला न्यायचं, तिला विचारायचं कुणाच्याच मनात आलं नाही, हे कुठल्या वाक्यात घालू? तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी लिहिलं, 'जेवताना थोडा वाद झाला. आता मिटला.'

आईने अक्षर मोठं करून वाचलं. पुन्हा वाचलं. मग फोन माझ्या हातात परत दिला.

"वाद झालो ता माका दिसला," ती म्हणाली, आणि टीव्हीकडे तोंड करून बसली.